आधी न बदलणारे शोधा

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून देगलूर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या मोंढ्यात नवे सोयाबीन येऊ लागते. आडत दुकानापुढे पोती उतरतात, बोली लागते, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. त्या पट्टीवर वजन असते, भाव असतो, ओलाव्यापोटी धरलेली घट असते, हमाली-तोलाई असते आणि सगळ्यात खाली हातात येणारी रक्कम असते. आठवीच्या पुस्तकातले ‘चलन’ हे प्रकरण आणि सहावीपासून सोबत असलेली शेकडेवारी, दोन्ही या हातभर कागदावर सापडतात. क्विंटल वाढले की रक्कम त्याच पटीत वाढते, हे समचलन. घट टक्क्यांत धरली जाते, ही शेकडेवारी.

ही दोन प्रकरणे शाळेत वेगवेगळ्या वेळी शिकवली जातात, म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे वाटते. पण दोन्हींचा विषय एकच आहे: बदल. आणि दोन्हींची किल्लीही एकच आहे. एखादी गोष्ट किती बदलली हे कळायचे असेल, तर त्या बदलात न बदललेली गोष्ट कोणती, हे आधी शोधावे लागते. चलनात ती गोष्ट म्हणजे स्थिरांक. टक्क्यांत ती गोष्ट म्हणजे पाया, म्हणजे ज्याला आपण शंभर धरले ती रक्कम. ज्या विद्यार्थ्याला हे दोन आधार शोधता येतात, त्याला सूत्रे पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

वाघिणी आणि लिटर

मांजरा नदी बीड, लातूरकडून वाहत येते आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूला महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा होते. याच नदीवरचे धरण 2016 च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूर शहराचे पिण्याचे पाणी तुटले. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी लातूरला पोचली. तिला 10 वाघिणी होत्या आणि एका वाघिणीत सुमारे 50,000 लिटर पाणी होते. थोड्याच दिवसांत 50 वाघिणींची गाडी सुरू झाली.

आता आकडे मांडू. 10 वाघिणी म्हणजे 5 लाख लिटर. 20 वाघिणी असत्या तर 10 लाख. 50 वाघिणी म्हणजे 25 लाख. वाघिणी बदलल्या, लिटर बदलले. न बदललेले काय? लिटरला वाघिणींनी भागून पाहा. प्रत्येक वेळी उत्तर 50,000 येते. हाच चलनाचा स्थिरांक. पाण्याला प आणि वाघिणींना व म्हटले, तर प = 50,000 × व. दोन राशींचा भागाकार कायम राहतो, तेव्हा त्या समचलनात असतात.

समचलन ओळखताना एक चूक फार जण करतात. ‘एक वाढले की दुसरे वाढते’ एवढे दिसले की ते समचलन म्हणून मोकळे होतात. घरचे विजेचे बिल घ्या. युनिट वाढले की बिल वाढते, हे खरे. पण बिलात स्थिर आकार असतो. एकही युनिट जाळले नाही तरी तो भरावाच लागतो. समजा, स्थिर आकार 100 रुपये आणि युनिटला 5 रुपये दर आहे. 20 युनिटांचे बिल 200 रुपये येईल, 40 युनिटांचे 300. वापर दुप्पट झाला, बिल दीडपटच झाले. भागाकार पहिल्या वेळी 10, दुसऱ्या वेळी 7.5. स्थिर राहिला नाही, म्हणून हे समचलन नाही. आलेख काढला तर रेषा सरळच येईल, पण ती शून्यातून जाणार नाही. समचलनाची रेषा मात्र शून्यातूनच निघते.

दुसरा प्रकार शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. विहिरीवरचा दोन इंची पाइप काढून चार इंची टाकला. पाइपाचे तोंड किती पट मोठे झाले? व्यास दुप्पट झाला म्हणून दुप्पट असे वाटते, पण वर्तुळाचे क्षेत्र व्यासाच्या वर्गाशी समचलनात असते. तोंड चौपट झाले. तोंडाला व्यासाने भागले तर स्थिरांक मिळत नाही, व्यासाच्या वर्गाने भागले तर मिळतो. न बदलणारे काय ते हाती लागेपर्यंत वेगवेगळ्या रीतींनी भागून पाहायचे, हीच इथली युक्ती.

वाटणी आणि माप

त्याच रेल्वेचे पाणी आता वाटून पाहू. 50 वाघिणींचे 25 लाख लिटर आले आणि शहराची वस्ती 5 लाख धरली, तर माणशी 5 लिटर पाणी येते. वस्ती अडीच लाख असती तर 10 लिटर आले असते. वस्ती दहा लाख असती तर अडीच लिटर. इथे भागाकार बदलतो. पण माणसे आणि माणशी लिटर यांचा गुणाकार प्रत्येक वेळी 25 लाखच येतो. दोन राशींचा गुणाकार कायम राहतो, तेव्हा त्या व्यस्त चलनात असतात. गाडीत आणलेले पाणी तेवढेच होते, हा त्या स्थिरांकाचा अर्थ.

सोयाबीन काढणीचे गुत्तेही याच हिशेबावर ठरते. एका रानाला 6 मजुरांना 4 दिवस लागतात, म्हणजे 24 रोज. 8 मजूर लावले तर 3 दिवस, 12 लावले तर 2 दिवस. रोज तेवढेच. मात्र 240 मजूर आणून तासाभरात काढणी होईल असे कोणी शेतकरी मानणार नाही, कारण तेवढी माणसे त्या रानात मावणारही नाहीत. स्थिरांक हा काही मर्यादेत स्थिर असतो. पुस्तकातल्या उदाहरणात ‘सर्व मजुरांच्या कामाचा वेग सारखा आहे’ असे लिहिलेले असते, ते यासाठीच. ते वाक्य वगळून वाचू नका. गणिताची हद्द त्यातच सांगितलेली असते.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात त्रैराशिक आहे, आणि लगेच त्याला जोडून व्यस्त त्रैराशिक आहे. व्यस्त रीत कुठे लावायची, हे सांगताना त्यांनी धान्याची रास वेगळ्या मापाने मोजण्याचे उदाहरण दिले आहे. माप लहान घेतले की मोजण्या वाढतात, माप मोठे घेतले की कमी होतात. आपल्या आजी-आजोबांच्या घरात शेर आणि पायली असत. चार शेरांची एक पायली. पायलीने मोजलेली 60 मापांची ज्वारी शेराने मोजली तर 240 मापे भरते. मापाचा आकार गुणिले मापांची संख्या कायम, कारण रास तीच आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. हे गणित महाराष्ट्राच्या मातीतही शिकवले गेले, याची ती साक्ष आहे.

शंभर कोणाला धरले?

आता टक्क्यांकडे वळू. मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावर दर पावसाळ्यानंतर एक आकडा येतो: गावाची पैसेवारी. महसूल खाते पिकाचा अंदाज घेते आणि गावाचे पीक रुपयात किती पैसे आले, ते जाहीर करते. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेली की गावात टंचाईसदृश परिस्थिती मानली जाते आणि सवलतींची चर्चा सुरू होते. जुन्या काळी हीच आणेवारी होती. रुपयाचे सोळा आणे, त्यातले आठ म्हणजे निम्मे पीक. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली आणि आण्यांची जागा पैशांनी घेतली.

पैसेवारी म्हणजे नाव बदललेली टक्केवारीच आहे. 45 पैसे म्हणजे 45 टक्के. पण कशाचे? गेल्या वर्षीच्या पिकाचे नव्हे. एका ठरवून दिलेल्या प्रमाण उत्पन्नाचे. समजा, एखाद्या पिकाचे प्रमाण उत्पन्न एकरी 8 क्विंटल धरले आणि यंदा 3.6 क्विंटल निघाले, तर 3.6 भागिले 8, म्हणजे 45 पैसे. प्रमाण उत्पन्न 7 क्विंटल धरले असते, तर तेवढ्याच पिकाची पैसेवारी 51 पैशांच्या वर गेली असती. शेतातले पीक तेच, पण पाया बदलला म्हणून गाव टंचाईच्या यादीतून बाहेर! टक्क्यांच्या गणितात पायाला एवढे वजन आहे. म्हणून टक्का ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: शंभर कोणाला धरले?

देगलूरच्या जुन्या माणसांना हा प्रश्न रोजच्या व्यवहारात भेटत असे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी अमलातला रुपया म्हणजे कलदार. पुढे त्यांचा ठरलेला दर होता: 100 कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो बरोबर सहा कलदारला सात हाली एवढा आहे. म्हणजे हे समचलन आणि त्याचा स्थिरांक सात षष्ठांश.

आता प्रश्न असा: कलदार हालीपेक्षा किती टक्के भारी? 6 कलदारला 7 हाली द्यावे लागतात, म्हणजे सहावर एक जास्त, सुमारे 16.67 टक्के. आणि हाली कलदारपेक्षा किती टक्के हलका? सातावर एक कमी, सुमारे 14.29 टक्के. दर एकच, फरक एकच, टक्के मात्र दोन. पहिल्या उत्तरात हालीला शंभर धरले, दुसऱ्यात कलदारला. ‘अमुक तमुकपेक्षा’ असे वाक्य असेल, तर ‘पेक्षा’च्या आधी जो येतो तो पाया. परीक्षेत ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी बरीच उदाहरणे सुटतात.

सवायकी आणि पाऊणकी

पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी म्हणून घेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे ते पाढे. ते आता मागे पडले. पण टक्क्यांतला बदल समजण्यासाठी त्यांच्याइतके चांगले साधन नाही, कारण ते बदलाकडे गुणाकार म्हणून पाहायला शिकवतात.

25 टक्के वाढ म्हणजे काय? मूळ रकमेत तिचा चौथा भाग मिळवायचा. म्हणजेच मूळ रकमेची सवायकी. 25 टक्के घट म्हणजे पाऊणकी. 50 टक्के वाढ म्हणजे दीडकी. सावकार धान्य सवाईने किंवा दिढीने देत, तेव्हा ते 25 किंवा 50 टक्के व्याजच लावत होते, तेही एका हंगामाचे. कोणत्याही टक्क्याचे असेच आहे. 8 टक्के वाढ म्हणजे 1.08 ने गुणणे. 8 टक्के घट म्हणजे 0.92 ने गुणणे. या गुणकाला आपण पट म्हणू.

आता एक रुपया घेऊ, जुना, सोळा आण्यांचा. त्याची सवायकी केली: 20 आणे. मग त्या 20 आण्यांची पाऊणकी केली: 15 आणे. 25 टक्के वाढले, 25 टक्के घटले, आणि रुपयातला एक आणा गेला. कुठे गेला? वाढ 16 आण्यांवर मोजली होती, ती 4 आणे झाली. घट 20 आण्यांवर मोजली, ती 5 आणे झाली. टक्का तोच, पाया वेगळा. क्रम उलटा केला, आधी पाऊणकी आणि मग सवायकी, तरी 12 आणे आणि मग 15 आणेच येतात. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही.

हा हरवलेला भाग किती, हेही ठरलेले आहे. 10 टक्के वाढ आणि 10 टक्के घट झाली, तर 1.1 × 0.9 = 0.99, म्हणजे 1 टक्का तोटा. 25 टक्क्यांना 6.25 टक्के तोटा. 50 टक्क्यांना 25 टक्के तोटा. बीजगणितात शिकलेले (1 + a)(1 − a) = 1 − a² हेच इथे काम करते.

मग 25 टक्के वाढलेली गोष्ट पूर्ववत करायला किती घटवावी? 20 आण्यांतून 4 आणे काढायचे, म्हणजे पाचवा भाग, 20 टक्के. सव्वाचा उलटा गुणक चार पंचमांश आहे. घसरण जितकी मोठी, तितकी परतीची चढण जास्त. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेले होते. शेतकऱ्याचा नवा माल बाजारात येईपर्यंत ते जवळपास निम्म्यावर आले. भाव पडला 50 टक्के. तो पुन्हा तिथेच जायचा तर 50 टक्के वाढ पुरत नाही, 100 टक्के वाढ लागते.

पाच वर्षांचा हमीभाव

केंद्र सरकार दर वर्षी सोयाबीनचा हमीभाव जाहीर करते. क्विंटलचे आकडे असे आहेत: 2020-21 मध्ये 3,880 रुपये, 2021-22 मध्ये 3,950, 2022-23 मध्ये 4,300, 2023-24 मध्ये 4,600, 2024-25 मध्ये 4,892 आणि 2025-26 मध्ये 5,328.

प्रत्येक वर्षाची वाढ काढू. वाढीला आदल्या वर्षाच्या भावाने भागायचे आणि शंभरने गुणायचे. 70 भागिले 3,880, म्हणजे 1.80 टक्के. नंतर 350 भागिले 3,950, म्हणजे 8.86 टक्के. पुढे 6.98, मग 6.35, आणि शेवटच्या वर्षी 436 भागिले 4,892, म्हणजे 8.91 टक्के.

या पाच टक्क्यांची बेरीज 32.90 येते. पण 3,880 वरून 5,328 म्हणजे 1,448 रुपयांची वाढ, आणि ती 3,880 च्या 37.3 टक्के आहे. सुमारे साडेचार टक्के कुठून आले? बेरजेने आपण पाच वेगवेगळ्या पायांवरचे टक्के एकत्र केले. 8.91 टक्के हे 4,892 चे आहेत, 3,880 चे नव्हेत. बरोबर रीत पटींची: 1.0180 × 1.0886 × 1.0698 × 1.0635 × 1.0891. गुणाकार सुमारे 1.373 येतो, म्हणजे 37.3 टक्के. पट गुणायचे असतात, टक्के मिळवायचे नसतात.

व्याजातही तेच. ‘महिना शेकडा तीन’ हे ऐकायला हलके वाटते. व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळत गेले, तर वर्षाला 36 टक्के नव्हे, सुमारे 42.6 टक्के होतात, कारण 1.03 ला बारा वेळा गुणावे लागते. कर्ज घेण्याआधी हा गुणाकार घरातल्या शाळकरी मुलाने करून दाखवला, तर त्याचे शिक्षण घराच्या उपयोगी पडले असे म्हणता येईल.

एका बदलाची तीन उत्तरे

22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. वह्यांवरचा 12 टक्के कर शून्य झाला. दहावीच्या वर्गात हा कर शिकवतात, म्हणून याचे गणित नीट करू.

कर सोडून 100 रुपये किंमत असलेले तेल घ्या. आधी ते 118 रुपयांना पडत होते, आता 105 ला. किती टक्के फरक पडला? पहिले उत्तर: कराचा दर 18 वरून 5 झाला, म्हणजे 13 टक्के बिंदूंनी उतरला. दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी केली की फरक टक्के बिंदूंत सांगावा. दुसरे उत्तर: ग्राहकाने भरायचा कर 18 रुपयांवरून 5 रुपये झाला, 13 भागिले 18, म्हणजे कर 72.2 टक्क्यांनी घटला. तिसरे उत्तर: ग्राहकाची किंमत 118 वरून 105 झाली, 13 भागिले 118, म्हणजे वस्तू 11.02 टक्क्यांनी स्वस्त झाली. वहीचेही तसेच: 112 वरून 100, म्हणजे 12 टक्के नव्हे, 10.71 टक्के स्वस्त.

तिन्ही उत्तरे खरी आहेत. जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा छापता येतो, टीकेत सगळ्यात लहान. म्हणून आकड्यामागचा पाया आपण स्वतः शोधायचा.

एसटीच्या तिकिटात याची दुसरी बाजू दिसते. 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे. 25 जानेवारी 2025 पासून भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. 100 रुपयांचे तिकीट 114.95 झाले. महिलांचे अर्धे तिकीट 50 वरून 57.47 च्या आसपास गेले. सवलत 50 टक्केच राहिली, तरी त्यांचे भाडेही 14.95 टक्क्यांनीच वाढले, कारण 0.5 हा पट दोन्ही बाजूंना कायम आहे. रुपयांत वाढ निम्मी, टक्क्यांत वाढ तेवढीच. (प्रत्यक्ष भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरते आणि पैसे पूर्णांकात येतात, म्हणून तिकिटावरचा आकडा थोडा इकडे-तिकडे होतो.)

ओले सोयाबीन, कोरडे सोयाबीन

पट्टीवर ओलाव्यापोटी धरलेल्या घटीचा हिशेब आता करता येईल. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारणपणे 12 टक्क्यांपर्यंत चालतो. 2024 च्या हंगामात ती अट 15 टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली होती. समजा, काढणीनंतर पाऊस लागला आणि ओलावामापकाने 18 दाखवले. शेतकऱ्याने माल अंगणात, ताडपत्रीवर वाळवला आणि ओलावा 12 वर आणला. एका क्विंटलचे वजन किती उरेल?

बहुतेक जण म्हणतील, 94 किलो. 18 मधून 12 गेले, 6 किलो घट. हे चुकते. न बदलणारे काय, हे शोधा. वाळवताना पाणी उडते, दाण्याचा कोरडा भाग तसाच राहतो. 100 किलोत 18 किलो पाणी, म्हणजे कोरडा भाग 82 किलो. वाळल्यावरही तो 82 किलोच आहे. फक्त आता तो एकूण वजनाच्या 88 टक्के आहे, कारण पाणी 12 टक्के उरले. म्हणून एकूण वजन = 82 × 100 ÷ 88 = 93.18 किलो. घट 6 किलो नव्हे, 6.82 किलो. ताळा करून पाहा: 93.18 मधून 82 गेले, पाणी 11.18 किलो, आणि ते 93.18 च्या 12 टक्केच आहे.

6 टक्के वजा करताना आपण दोन वेगळ्या पायांचे टक्के वजा केले. 18 टक्के हे ओल्या मालाचे, 12 टक्के हे वाळलेल्या मालाचे. हे गणित व्यवहारात दोन्ही बाजूंच्या कामाचे आहे. 18 टक्के ओल्या मालाला कोणी क्विंटलमागे 6 किलो घट धरली, तर तो शेतकऱ्याला लुबाडत नाही. वाळवून खरी घट त्याहून थोडी जास्तच येते. पण 10 किलो कापले, तर सव्वातीन किलो कशाचे, हे विचारण्याचा हक्क आहे. 5,328 रुपये हमीभावाने 3.18 किलोचे 169 रुपये होतात. दहा क्विंटलला जवळपास 1,700. मोंढ्यात ओरडण्यापेक्षा हा आकडा कागदावर मांडून विचारलेला प्रश्न जास्त जड पडतो.

पावसाची सरासरी

हवामान खाते पाऊस सरासरीच्या किती टक्के कमी-जास्त, ते सांगते. 19 टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असेल तर तो सामान्य मानतात. 20 ते 59 टक्के कमी म्हणजे तुटीचा. देशभरात 2014 चा मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या 88 टक्के आणि 2015 चा 86 टक्के झाला, आणि त्या दोन वर्षांनी मराठवाड्याला लातूरच्या रेल्वेपर्यंत आणले.

पावसाच्या टक्क्यांचीही सरळ बेरीज करता येत नाही. समजा, एका गावाची जूनची सरासरी 160 मिलिमीटर आणि जुलैची 240. जूनमध्ये 50 टक्के कमी पडला, जुलैमध्ये 50 टक्के जास्त. भरपाई झाली का? जूनला 80, जुलैला 360, एकूण 440. सरासरी 400 होती, म्हणजे दोन महिन्यांचा पाऊस 10 टक्के जास्त! कागदावर वर्ष चांगले. शेतात मात्र जूनची पेरणी करपली आणि दुबार पेरणीची वेळ आली. टक्का एकूण किती ते सांगतो, कधी पडला ते सांगत नाही. गणित बरोबर येणे आणि त्यातून सगळे कळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तुमच्यासाठी

या प्रकरणातून दोनच प्रश्न सोबत न्या. दोन राशी एकमेकींबरोबर बदलताना दिसल्या, की विचारा: यांच्यात कायम काय राहते, भागाकार की गुणाकार? आणि टक्का दिसला, की विचारा: हा कशाचा? परीक्षेच्या उदाहरणात उत्तर काढण्याआधी पाया कोणता, हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. दोन टक्के एकत्र करायचे असतील, तर आधी त्यांचे पट करा आणि गुणा.

सरावासाठी वेगळी वही नको. घरात पट्टी असेल, विजेचे बिल असेल, खताच्या दुकानाची पावती असेल, बचत गटाचे पासबुक असेल. त्यातला एक कागद आज घ्या, त्यावरच्या प्रत्येक टक्क्यापुढे त्याचा पाया लिहा, आणि हिशेब आई-वडिलांना समजावून सांगा. ज्याला पाया सांगता येतो, त्याला आकड्याने कोणी फसवू शकत नाही.